कंबरदुखीची नोंद फोनवर ठेवा



वडीगोद्री परिसरात कालव्याची पाळी आली की रात्रभर दारे धरावी लागतात. शिवाय वाकून लागण, खुरपणी, मोळ्या उचलणे आहेच. मग कंबर धरते. तीन महिन्यांच्या वर टिकलेल्या दुखण्यास जुनाट दुखणे म्हणतात. सन २०२० मध्ये जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती.

आपण काय करतो? दुकानातून गोळी आणतो, अन् पुन्हा कामाला लागतो. परंतु सल्ल्याशिवाय रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी जठराला व मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. उन्हात घाम गाळून पाणी कमी पिणाऱ्यास हा धोका जास्त.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीबाबत सूचना दिल्या. त्यात व्यायाम व दुखण्याची नीट माहिती यांवर भर आहे. कमरेचा पट्टा सरसकट वापरू नये असे म्हटले आहे. या कामी मोबाईल अ‍ॅपचा उपयोग असा :

१) दुखण्याची नोंद : रोज संध्याकाळी एकदाच ० ते १० मध्ये आकडा भरावा. सोबत दिवसाचे काम, झोप व घेतलेली गोळी लिहावी. दर तासाला दुखणे मोजत बसू नये.

२) व्यायामाची आठवण : डॉक्टरांनी शिकविलेला व्यायाम ठरल्या वेळी करण्यास गजर लावावा.

३) सल्ला : केंद्र सरकारच्या 'ई-संजीवनी' सेवेवर घरबसल्या डॉक्टरांशी बोलता येते. फी नाही.

डॉक्टर विचारतात, "कशाने वाढतं?" आपण म्हणतो, "सारखंच दुखतं." त्यातून उपचाराला दिशा मिळत नाही. पंधरा दिवसांची नोंद दाखवली, की कोणत्या कामानंतर आकडा चढतो ते कळते. मग ते काम थोडे थोडे, विसावा घेत करता येते.

अ‍ॅप चालवणे जमत नसेल तर घरातल्या शिकत्या पोरांकडून समजून घ्यावे. साधी वहीही चालेल. मात्र बँकेचा तपशील किंवा ओटीपी मागणारे, "आठ दिवसांत दुखणे गायब" म्हणणारे अ‍ॅप काढून टाकावे.

महत्त्वाचे : पायातील ताकद गेली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला, अथवा ताप येऊन पाठ दुखू लागली, तर फोनवर नोंद करीत बसू नये. १०८ ला फोन करून ताबडतोब रुग्णालय गाठावे.