बखरीच्या वर्गात संजय सुब्रह्मण्यम

मराठीच्या विद्यार्थ्याने संजय सुब्रह्मण्यम का वाचावेत, असे माझ्या एम.ए.च्या वर्गात दरवर्षी कोणी ना कोणी विचारतेच. प्रश्न रास्त आहे. त्यांची पीएच.डी. (१९८७) दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची, विषय दक्षिण भारतातील व्यापार. पुढे पॅरिस, ऑक्सफर्ड आणि २००४पासून लॉस एंजेलिस येथे त्यांनी अध्यापन केले. पदांची ही यादी इथेच सोडू.

बंदरातल्या व्यापाराचा माग काढणाऱ्याला एका भाषेतले दप्तर पुरत नाही. जहाजांची हकीकत पोर्तुगीज आणि डच कागदांत, तर बंदरामागच्या दरबाराची फार्सी व तेलुगूत. या गरजेतूनच १९९७ साली त्यांनी ‘कनेक्टेड हिस्टरीज’ हा लेख लिहिला. दोन देश शेजारी मांडून त्यांची तुलना करण्यापेक्षा सीमा ओलांडून काय गेले ते शोधा, हे त्यातले सांगणे. मालाबरोबर कल्पनाही प्रवास करतात. हिजरी सहस्रकाच्या सुमारास युगान्ताची आणि नव्या सम्राटाची भाषा अनेक दरबारांत ऐकू येत होती. अकबराचा दरबार त्यांपैकीच एक.

आपल्या कामाचे पुस्तक मात्र ‘टेक्श्चर्स ऑफ टाइम’ (२००१). वेलचेरु नारायण राव आणि डेव्हिड शुलमन हे त्याचे सहलेखक. प्रत्येक समाज आपल्या काळी रुळलेल्या वाङ्मयप्रकारात इतिहास लिहितो आणि जाणता वाचक भाषेच्या पोतावरून तो ओळखतो, असे तिघांचे प्रतिपादन आहे. बखर शिकवणाऱ्याला हे फार उपयोगी. राजवाड्यांनी बखरींच्या विश्वसनीयतेवर कोरडे ओढले तेव्हापासून इतिहासवाले तिच्याकडे संशयाने पाहतात, आणि आम्ही साहित्यवाले ‘जुन्या गद्याचा नमुना’ म्हणून चार गुणांची टीप लिहून घेतो. सभासदाने ती लिहिली जिंजीत, तमिळ मुलखात, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून. तिचे रूप धन्याला सादर केलेल्या निवेदनाचे. हे रूप वाचकाला काय खूण देते, हा प्रश्न साहित्याचाच नव्हे काय?

इतक्या भाषा एकट्याने कशा शिकायच्या, ही विद्यार्थ्यांची तक्रार खरी आहे. पण त्या पुस्तकावरही तिघांची नावे आहेत. फार्सी प्रवासवृत्तांतांवर सुब्रह्मण्यम यांनी मुझफ्फर आलम यांच्याबरोबर लिहिले. आमच्या महाविद्यालयात मराठी आणि कन्नड विभागांत एका जिन्याचे अंतर आहे. यंदा दोन्हीकडचा एकेक विद्यार्थी एकाच लढाईची दोन भाषांतली वर्णने शेजारी ठेवून वाचतो आहे.