बारा बाटल्या, एक मूठ

गेल्या पावसाळ्यांत आपल्या वसतिगृहांत कांजिण्यांची साथ आली होती, हें तुमच्यापैकीं पुष्कळांच्या स्मरणांत असेल. आठ मुलें आजारी पडलीं व त्यांना निराळ्या खोलींत ठेवावें लागलें. रोज सायंकाळीं स्वयंपाकघरांतून तापविलेलें दूध बाटल्यांत भरून तिकडे पोंचविण्याचें काम वरच्या वर्गांतील दोन मुलांनीं आपण होऊन पत्करिलें. पहिल्या दिवशीं मी सहज तेथें गेलों, तों काय पाहिलें? एकानें नरसाळें बाटलीच्या तोंडांत घट्ट दाबून धरिलें होतें व दुसरा पळीनें दूध ओतीत होता. परंतु दूध कांहीं केल्या खालीं उतरेना. नरसाळें भरून वाहूं लागलें. "सर, नरसाळें तुंबलें," असें म्हणून एकानें दुधांत बोट घातलें! पुढें भरलेल्या चार बाटल्या छातीशीं कवटाळून तो निघाला, आणि ओल्या पायरीवर पाय घसरतांच एक बाटली निसटून फुटली. मुलगा अगदीं रडकुंडीस आला. त्याला रागें भरण्याचें मला कांहींच कारण दिसलें नाहीं. त्याची सेवाबुद्धि उत्तम होती. उणें होतें तें साधन.

पुष्कळ बाटल्या एकदम भरणें आणि त्या एकदम वाहून नेणें, ही अडचण केवळ आपल्या स्वयंपाकघराची नव्हे. एके काळीं मोठमोठ्या शहरांतील हजारों तान्ह्या बालकांचें जगणें-मरणें पुष्कळ अंशीं या अडचणीच्या उलगड्यावर अवलंबून होतें. तो उलगडा कसा झाला व त्यांत सृष्टीचे कोणते नियम कामास आले, हें आज पाहूं.

दूध हें अन्न जसें पूर्ण, तसेंच तें नाजूकही आहे. जें मनुष्याच्या बालकास पोसतें, तेंच डोळ्यांस न दिसणाऱ्या जंतूंसही पोसतें. एकोणिसाव्या शतकांत युरोप-अमेरिकेंतील शहरें वाढलीं, तसें दूध दुरून येऊं लागलें. गवळी उघडें भांडें घेऊन दारोदार हिंडे आणि मापानें दूध घाली. रस्त्याची धूळ, माशा, मापाचा दांडा व धरणाराचीं बोटें या सर्वांचा दुधास स्पर्श होई. उन्हाळा आला कीं अतिसारानें तान्हीं मुलें पटापट दगावत. लुई पाश्चर यानें नासण्याच्या मुळाशीं सूक्ष्म जंतु असतात व उष्णतेनें त्यांचा नाश करितां येतो हें दाखविलें. आणि १८८२ सालीं रॉबर्ट कॉख यानें क्षयरोगाचा जंतु शोधून काढिला. तेव्हां कोठें लोकांस कळूं लागलें कीं, पांढरें शुभ्र दिसणारें दूध निर्मळ असेलच असें नाहीं.

अमेरिकेंत न्यूयॉर्क संस्थानांतील पॉट्सडॅम गांवीं डॉ. हर्वे थॅचर नांवाचा औषधविक्रेता राहत असे. एका मुलीची मळकट चिंध्यांची बाहुली गवळ्याच्या उघड्या भांड्यांत पडलेली त्यानें पाहिली. गवळ्यानें ती झटकून मुलीच्या हातीं दिली आणि त्याच दुधाचीं मापें घालण्यास सुरुवात केली, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो वा रचलेली असो, १८८४ सालीं थॅचरनें झांकणाची कांचेची दुधाची बाटली प्रचारांत आणिली, हें मात्र खरें. गोठ्यापाशींच दूध बाटलींत बंद करावें व तें बालकाच्या घरींच उघडावें, ही कल्पना मोठी सोपी व मोठी थोर होती.

परंतु एक अडचण दूर झाली कीं दुसरी पुढें उभी राहते. पूर्वीं चाळीस घरांस एक भांडें पुरत असे. आतां चाळीस बाटल्या लागूं लागल्या. प्रत्येक बाटली धुवावयाची, भरावयाची, मिटावयाची व वाहून न्यावयाची. एक एक बाटली हातांत घेऊन पळीनें भरीत बसलें, तर वेळ जातो तो जातोच, शिवाय ज्या बोटांपासून दूध दूर ठेवावयाचें, तींच बोटें पुनःपुन्हां बाटलीच्या तोंडाशीं येतात. थोडा हिशेब करा. बाटली उचलणें, नरसाळें बसविणें, नरसाळें काढणें व बाटली खालीं ठेवणें, अशा चार क्रिया धरल्या, तर बारा बाटल्यांस अठ्ठेचाळीस वेळां हात लागला. त्याच बारा बाटल्या एका चौकटींत बसविल्या, तर चौकट उचलणें, ती नळांखालीं धरणें व काढून घेणें, एवढ्या तीन क्रियांत काम होतें. आणि हात लागतो तो चौकटीच्या मुठीस, बाटलीच्या तोंडास नव्हे. या विषयाचें सर्व मर्म एवढ्यांत आहे.

ही चौकट घराच्या चुलीपर्यंत नेण्याचें श्रेय म्युनिक येथील कृषिरसायनशास्त्राचे अध्यापक फ्रांझ फॉन सॉक्सलेट यांस दिलें पाहिजे. १८८६ सालीं त्यांनीं बालकांच्या दुधाविषयीं आपली पद्धति मांडली. दिवसभरांत बालकास जितक्या वेळां दूध द्यावयाचें, तितक्या लहान बाटल्या घ्याव्या. प्रत्येकींत एका वेळेपुरतेंच दूध भरावें. सर्व बाटल्या एका चौकटींत उभ्या करून ती चौकट पाण्याच्या भांड्यांत सोडावी व पाणी उकळावें. पुढें सुधारलेल्या पद्धतींत बाटलीच्या तोंडावर रबराची एक चकती ठेवीत. दूध तापलें कीं आंतील हवा व वाफ चकती किंचित् उचलून बाहेर पडे. बाटली निवाली कीं उरलेल्या वाफेचें पाणी होई, आंतील दाब कमी होई व बाहेरील हवा चकतीस आंत दाबून धरी. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरास सुमारें एक किलोग्रॅम असतो, हें तुम्ही पुस्तकांत पाठ करितां. येथें तोच दाब बालकाच्या दुधाचा पहारेकरी झाला! चकतीस खळगा पडलेला दिसला म्हणजे पहारा नीट आहे असें समजावें. खळगा नसला तर बाटली बाजूस ठेवावी. अक्षरें न येणाऱ्या आईलाही ही खूण वाचतां येत असे.

पुढें हीच युक्ति गरिबांच्या दारीं पोंचली. न्यूयॉर्कमध्यें नेथन स्ट्राउस या व्यापाऱ्यानें १८९३ सालीं निर्मळ दुधाचें केंद्र उघडिलें. फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्यावरील फेकां या गांवीं डॉ. लेऑं द्युफूर यानें १८९४ सालीं एक संस्था काढिली व तिला ‘दुधाचा थेंब’ या अर्थाचें नांव दिलें. तेथें आई सकाळीं कालच्या रिकाम्या बाटल्यांची तारेची टोपली घेऊन येई आणि आजच्या भरलेल्या बाटल्यांची टोपली घेऊन जाई. टोपलींत बालकाच्या वयाप्रमाणें दिवसभराच्या वेळा मोजून तितक्याच बाटल्या असत. बालकाचें वजनही तेथें नियमानें होई. इंग्लंडांत सेंट हेलेन्स या शहरानें १८९९ सालीं याच नमुन्यावर आपलें केंद्र उघडिलें. टोपली क्षुद्र वस्तु खरी. पण तिच्यामुळें दिवसभराचें दूध मोजलेलें, झांकलेलें व न सांडतां घरीं जाई.

आतां बाटल्या एकदम भरतात कशा, तें पाहूं. हें समजण्यासाठीं आपल्या मुलांचें नरसाळें कां तुंबलें, याचा प्रथम विचार केला पाहिजे. रिकामी बाटली खरोखर रिकामी नसते; ती हवेनें भरलेली असते. दुधास आंत जावयाचें तर हवेस बाहेर पडावयास वाट हवी. नरसाळें घट्ट दाबल्यानें ती वाट बंद झाली. दोष नरसाळ्याचा नव्हता, दाबणाऱ्या हाताचा होता.

हा प्रयोग घरीं अवश्य करून पाहा. एक बाटली घ्या. तिच्या तोंडांत नरसाळें बसवून त्याच्याभोंवतीं भिजविलेल्या कणकेचा लेप द्या. नरसाळ्यांत पाणी ओता. थोडें आंत जाऊन तें थांबेल. आतां पपईच्या पानाच्या देठाची बारीक पोकळ नळी घ्या व ती कणकेंतून आंत खुपसा. तिचें खालचें टोंक बाटलीच्या गळ्याच्या जरा खालीं असावें व वरचें टोंक नरसाळ्यांतील पाण्याहून उंच असावें. पाणी लगेच खालीं उतरूं लागेल व नळींतून हवा बाहेर येत असल्याचें बोटास कळेल. पण खरी मौज पुढेंच आहे. बाटलींतील पाणी नळीच्या खालच्या टोंकाशीं पोंचलें कीं, नरसाळ्यांत पाणी शिल्लक असूनही तें थांबेल! उरलेल्या हवेस वाट राहिली नाहीं, म्हणून पाण्यास जागा राहिली नाहीं. नळी वर-खालीं करा, म्हणजे बाटली किती भरावी हें तुमच्या हातीं राहील.

दुग्धालयांतील भरण्याचें यंत्र म्हणजे हाच प्रयोग बारा वेळां एका रांगेंत मांडलेला. वर दुधाची टांकी असते. तिच्या तळास नळ असतात. प्रत्येक नळाभोंवतीं रबराचें कडें, आंत स्प्रिंगनें मिटलेली झडप व मधोमध हवेची नळी असते. बाटल्यांची चौकट खालून वर उचलली कीं प्रत्येक बाटलीचें तोंड रबरावर घट्ट बसतें व झडप वर ढकललीं जाऊन उघडते. दूध कडेनें खालीं येतें, हवा नळीनें वर जाते आणि दूध नळीच्या टोंकाशीं येतांच आपोआप थांबतें. एखादी बाटली लवकर भरली, एखादी उशिरां. तरी कोणतीही ओसंडत नाहीं. चौकट खालीं घेतली कीं स्प्रिंग झडप मिटते. आणि एखाद्या नळाखालीं बाटलीच नसेल तर? मग झडप उघडतच नाहीं व दूध सांडत नाहीं. पुढें मोठ्या कारखान्यांत हेच नळ फिरत्या चक्रावर बसविले, तरी नियम बदलला नाहीं.

वाहून नेण्याच्या चौकटींतही विचार असतो. प्रत्येक बाटलीस स्वतंत्र घर असतें, म्हणून कांच कांचेवर आपटत नाहीं. तळ जाळीचा असतो, म्हणून धुतल्यावर पाणी सांचत नाहीं. मूठ मधोमध व उंच असते. भार तिच्या खालीं लोंबतो, म्हणून चौकट कलंडत नाहीं. अर्ध्या लिटराच्या बारा बाटल्यांत सहा लिटर दूध मावतें; एका लिटराचें वजन सुमारें १.०३ किलोग्रॅम, म्हणून सहा लिटरांचें सुमारें ६.२ किलोग्रॅम झालें. रिकामी बाटली ४०० ग्रॅमांची धरली, तर नुसती कांच ४.८ किलोग्रॅम! म्हणजे अकरा किलोग्रॅम ओझ्यांत जवळजवळ पांच किलोग्रॅम ओझें दुधाचें नव्हेच. कांचेची बाटली पुढें मागें कां पडली, याचें एक कारण या हिशेबांत तुम्हांस सांपडेल.

आपल्या प्रांतांतही या बाटल्यांचा एक काळ होऊन गेला. मुंबई शहरांतील म्हशींचे गोठे बाहेर हलवावे, या हेतूनें १९४९ सालीं गोरेगांवजवळ आरे येथें दुग्धवसाहत स्थापन झाली, श्री. दारा खुरोडी हे तिचे प्रवर्तक. १९५१ सालीं पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्तें तिचें उद्घाटन झालें. पहाटे केंद्रावर कार्ड घेऊन उभी असलेली रांग, धातूच्या पातळ झांकणांच्या बाटल्या आणि तारेच्या चौकटींचा तो किणकिणाट ज्यांना आठवतो, असे आजी-आजोबा मुंबईंत अजूनही भेटतील. त्यांना अवश्य विचारा. आतां बहुतेक ठिकाणीं पिशवींतलें दूध येतें; पिशवी हलकी खरी, पण बाटली धुऊन पुन्हां भरतां येत असे, पिशवीचा मात्र कचरा होतो. प्रत्येक साधनाच्या जमेबरोबर त्याचा खर्चही मांडावा, हें उत्तम.

येथें पालकवर्गास एक विनंति केल्याविना राहवत नाहीं. बाटलीची ही कथा वाचून कोणीं असें समजूं नये कीं, तान्ह्या बालकास बाटली हितकारक आहे. एके काळीं लांब रबरी नळीच्या दूध पाजण्याच्या बाटल्या निघाल्या होत्या. त्या नळ्या धुतां येत नसत व त्यांत जंतु माजत. फ्रान्सनें १९१० सालीं कायद्यानें त्या बंद केल्या. आपल्या देशांतही पाजण्याच्या बाटल्यांची जाहिरात १९९२ सालच्या कायद्यानें मना केली आहे. पहिले सहा महिने आईचेंच दूध, असें आजचें वैद्यकशास्त्र सांगतें. द्युफूरच्या संस्थेचें बोधवाक्यच मुळीं ‘याहून चांगलें नाहीं म्हणून’ अशा अर्थाचें होतें. ज्यांना आईचें दूध मिळूं शकत नव्हतें, त्यांच्यासाठीं ती टोपली होती. आपलें साधन दुय्यम आहे हें जो जाणतो, त्याच्याच हातीं तें सुरक्षित राहतें.

आपल्या त्या दोन मुलांचें पुढें काय झालें, तें सांगून लेख संपवितों. त्यांनीं सुतारकामाच्या तासाला खोक्याच्या फळ्यांची आठ घरांची चौकट केली, तळास जाळी ठोकली व वर मूठ बसविली. नरसाळ्याच्या बाजूस एक बारीक नळी बांधली. तिसऱ्या दिवसापासून दूध सांडलें नाहीं, बोट बुडालें नाहीं आणि पायरीवर चालतांना एक हात कठड्यास धरावयास मोकळा राहिला.

लहानांपैकीं एकास थंड पाण्याचा पेला देणाराचें प्रतिफळ बुडत नाहीं, हा आपल्या प्रभूचा बोध आपण वर्गांत पुष्कळदां ऐकितों. तो पेला स्वच्छ असावा, भरलेला असावा व वाटेंत सांडूं नये, याची काळजी वाहणें हाही त्या सेवेचाच भाग आहे. दयेस ज्ञानाची जोड हवी. नाहींतर पायरीवर बाटली फुटते, आणि खोलींतलें मूल वाट पाहत राहतें.