बाईच्या हातचा अर्धा एकर

मराठवाड्यात पाडव्याला शेतीचं साल बदलतं. यंदा कुठल्या रानात काय पेरायचं याची बोलणी त्याच सुमारास घराघरांत होतात. ज्या बाईला स्वतःच्या विचारानं शेती करायची आहे, तिनं या बोलण्यात बसायचं. मृग तोंडावर आल्यावर विषय काढून उपयोग नाही. तोवर बियाणं घरात आलेलं असतं, दुकानाची उधारीही झालेली असते.

मागायचं किती? अर्धा एकर, म्हणजे 20 गुंठे. सगळंच रान बिनरासायनिक करू म्हटलं तर घरचे बिथरतात, आणि त्यांची भीती खोटी नसते. अर्ध्या एकरानं घर बुडत नाही. धाराशिव, लातूर, सोलापूर, नांदेड या भागांत 'स्वयं शिक्षण प्रयोग' संस्थेसोबत असंख्य बायकांनी याच वाटेनं सुरुवात केली. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर पडलेली घरं उभी करण्याच्या कामातून ही संस्था या भागात रुजली. प्रेमा गोपालन तिच्या संस्थापक. पुढे दुष्काळ पडत गेले तसं काम शेतीकडे वळलं, आणि 2017 साली त्याला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. तिथला नेम साधा आहे. नवऱ्याकडून किंवा सासऱ्याकडून अर्धा ते एक एकर मागून घ्यायचा, आधी खायची पिकं घ्यायची, आणि काय पेरायचं हे बाईनं ठरवायचं. माझ्या मते या तिन्हींत शेवटची गोष्ट सगळ्यांत मोलाची. खुरपायला, वेचायला, काढणीला बाई पहिल्यापासून होतीच. पेरा ठरवायला नव्हती.

तुकडा निवडताना मिळेल तो घेऊ नका. घरापासून रोज जाता येईल असा, विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याच्या टप्प्यातला मागा. वरच्या रानातून फवारणीचं पाणी वाहून येत असेल तर तो टाळा. निव्वळ मुरमाड पट्टा पदरात पडला तर त्यात हुलगा, मटकी, तीळ होईल, भाजीपाला होणार नाही. हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे वर्षअखेरीस बोल लागणार नाही.

सातबाऱ्याचं काम याच वेळी सुरू करा. जमीन नवऱ्याच्या नावावर असेल, तर त्यानं तलाठ्याकडे अर्ज केल्यावर सहधारक म्हणून पत्नीचं नाव लागतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली होती. त्याच नावानं राज्य शासनाचं 15 सप्टेंबर 1992 चं परिपत्रक आहे, अर्जात त्याचा उल्लेख करा. नवरा हयात नसेल तर वारसनोंद आधी करून घ्या, दिरांच्या शब्दावर विसंबू नका. ठिबकचं अनुदान, पीककर्ज, पीकविमा, सगळीकडे पहिल्यांदा सातबारा मागतात. नाव लागेपर्यंत शेती थांबवायची नाही, पण पाठपुरावाही सोडायचा नाही.

चैत्र-वैशाखात रान मोकळं असतं तेव्हा माती तपासून घ्या. तुकड्यात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी 'व्ही' आकाराचे खड्डे घ्यायचे, साधारण 22 सेंटीमीटर खोल. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याची जागा सोडायची. खड्ड्याच्या कडेची माती वरून खालपर्यंत सारख्या जाडीनं खरवडून एकत्र करायची, चार भाग पाडून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करायचं. ती सावलीत वाळवून कृषी विज्ञान केंद्रात द्या. अहवाल आला की सगळ्यांत आधी सेंद्रिय कर्बाचा आकडा बघा. तोच वाढवायचा आहे, आणि त्याला दोन-तीन वर्षं लागतात.

खताची तयारी पेरणीच्या दोन महिने आधी हवी. अर्ध्या एकराला चांगलं कुजलेलं शेणखत निदान टनभर लागतं. गोठ्यात एखादंच जनावर असेल तर गांडूळखताची जोड द्या. झाडाच्या किंवा छपराच्या सावलीत दहा फूट लांब, तीन फूट रुंद वाफा घ्या. तळाला तुराट्या, काड्या. त्यावर पालापाचोळा आणि पंधरा दिवसांचं जुनं शेण, दोन फुटांपर्यंत. ताज्या शेणाच्या उष्णतेनं गांडुळं मरतात, म्हणून वाफ्यात हात घालून थंड लागलं तरच ती सोडायची. वर ओलं गोणपाट, आणि त्यावर रोज पाणी शिंपडायचं, साचू द्यायचं नाही. दीड-दोन महिन्यांत चहाच्या चोथ्यासारखं खत होतं. काढायच्या तीन-चार दिवस आधी पाणी बंद करा, मग उजेडात ढीग घाला. गांडुळं खाली उतरतात, वरचं खत अलगद काढून घेता येतं.

बियाणं शक्यतो घरचं किंवा गावातल्या बायकांकडून अदलाबदलीनं घ्या. मात्र उगवण तपासल्याशिवाय पेरू नका. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडा, वर दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळून सावलीत ठेवा. सात-आठ दिवसांनी मोजा. सत्तरच्या वर दाणे उगवले तर नेहमीइतकं बी. साठच्या आसपास असेल तर थोडं जास्त टाका. त्याहून कमी असेल तर बी बदला. पेरणीआधी किलोभर बियाण्याला पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळा, कडधान्याला त्यानंतर 25 ग्रॅम रायझोबियम. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा.

आता आखणी. वीस गुंठ्यांतले बारा धान्य-कडधान्याला, पाच भाजीला, दोन चाऱ्याला आणि एक खताच्या वाफ्याला व छपराला. बारा गुंठ्यांचे दोन भाग करा. एका भागात तूर आणि मूग पट्ट्यांनी: चार ओळी मूग, दोन ओळी तूर. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या बदनापूर केंद्राचा 'बीडीएन 711' हा तुरीचा वाण लवकर येतो, पाऊस आटोपता घेणाऱ्या भागात तो बरा. दुसऱ्या भागात उडीद. तो सत्तर-पंचाहत्तर दिवसांत निघतो आणि शाळूला जमीन मोकळी होते. सप्टेंबरअखेर तिथे मालदांडी टाका, म्हणजे भाकरीची सोय झाली आणि कडबाही झाला.

एका पावसाला भुलून चाड्यावर मूठ धरू नका. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेली की मगच पेरायचं, तेही उताराला आडवं. पीक महिन्याचं झालं की दर चार ओळींनंतर बळीराम नांगरानं मृतसरी काढा. पाऊस जास्त झाला तर पाणी निघून जातं, कमी झाला तर सरीत मुरतं. तूर दीड महिन्याची झाली की शेंडे खुडा. फांद्या जास्त फुटतात आणि खुडलेलं शेळीला होतं.

भाजीचे पाच गुंठे हा या शेतीचा जीव. इथून घराला रोज काहीतरी मिळतं, आणि पोरांच्या ताटात वरण-भाकरीसोबत हिरवं पडतं. सगळं एकदम पेरण्याची चूक फार होते; मग एका आठवड्यात मेथीच मेथी आणि पुढे महिनाभर काही नाही. मेथी, शेपू, पालक, कोथिंबीर दर दहा-बारा दिवसांनी एकेक वाफा पेरा. मध्ये गवार, भेंडी, वांगी, टोमॅटो. टोमॅटोच्या कडेनं झेंडूची ओळ. दोडका, कारलं, वाल कुंपणावर चढवा. बांधावर शेवग्याची चार झाडं आणि अंबाडी. उन्हाळ्यात पाणी तुटतं तेव्हा भाजी दोन गुंठ्यांवर आणा, ठिबक नसेल तर बुडाला बारीक भोक पाडून वात घातलेलं मडकं वेलाच्या आळ्यात पुरा, आणि उघड्या जमिनीवर पाचट किंवा तुरीचा पाला पसरा.

जीवामृताबद्दल सगळ्या विचारतात. अमरावतीच्या सुभाष पाळेकरांनी ते गावोगावी पोचवलं. अर्ध्या एकराला शंभर लिटर पाण्यात पाच किलो शेण, पाच लिटर गोमूत्र, किलोभर गूळ, किलोभर बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं, तिसऱ्या दिवसापासून आठवड्याच्या आत ओल असताना जमिनीला द्यायचं. मी याला शेणखताचा पर्याय मानत नाही. जीवामृत आहे म्हणून खत नको, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

किडीसाठी ज्येष्ठ-आषाढात निंबोळ्या वेचून वाळवून ठेवा. पाच किलो कुटून दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यानं गाळा, दोनशे ग्रॅम साबणाचं पाणी घालून शंभर लिटर करा आणि संध्याकाळी फवारा. अर्क त्याच दिवशी संपवायचा. तूर फुलाला आली की तुकड्यात पक्षीथांबे रोवा. घाटेअळी दिसली तर ओळीत पोतं अंथरून झाडं हलवा, अळ्या खाली पडतात, वेचून मारा.

या सगळ्याला हात लागतात, आणि घरचं रांधणं-धुणं, नवऱ्याच्या रानातली खुरपणी सुटलेली नसते. अर्धा एकर बाईच्या डोक्यावर नुसता जादा बोजा होऊन बसला तर दुसऱ्या वर्षी ती तो सोडते. म्हणून फवारणी आणि खताची वाहतूक घरातल्या पुरुषांनी करायची, हे जमीन मागतानाच ठरवून घ्या. बाकीच्याला गावातल्या चार-पाच जणींची सावड करा: सोमवारी हिच्या रानात, मंगळवारी तिच्या. अशा पाच जणी जमल्या तर 'पीजीएस' पद्धतीनं एकमेकींच्या शेताची पाहणी करून सेंद्रिय प्रमाणपत्रही घेता येतं.

विक्री घरचं भागल्यावर. वर्षाची डाळ, ज्वारी, बियाणं बाजूला काढा, मग उरलेलं गावातच विका. तूर अख्खी विकण्यापेक्षा डाळ करून दिली तर पैसे बरे होतात. पैसे स्वतःच्या बँकखात्यात. आणि एक वही ठेवाच. विकलेलं तर लिहायचंच, घरात खाल्लेलं त्याहून नेमानं लिहायचं: आज पावशेर गवार, आज दोन जुड्या शेपू, त्या दिवशीच्या बाजारभावानं. हे कुणी धरत नाही, त्यामुळे 'तुझ्या अर्ध्या एकरात निघालं काय' असं विचारता येतं. दिवाळीला आणि शिमग्याला बेरीज करून ती घरात वाचून दाखवा.

पुढच्या पाडव्याला तुकडा वाढवायचा का, हे मात्र वहीवरून ठरवू नका, खताच्या ढिगावरून ठरवा. ढीग वीस गुंठ्यांनाच पुरत असेल तर वीसच ठेवा आणि दुसरा वाफा घाला. तीस गुंठ्यांचं खत तयार असेल, तर आणखी दहा मागा.