आजाऱ्याजवळ बसताना



आजाऱ्याला भेटणे, म्हणजे 'बिक्कुर होलीम', ही मित्सवा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण भेटून करावयाचे काय? तल्मुदाच्या नेदारीम या भागात एक हकीकत आहे. रब्बी अकिवांचा एक शिष्य आजारी पडला. त्याच्याकडे कोणी फिरकेना. रब्बी अकिवा स्वतः गेले. तेव्हा त्याची खोली झाडून पाणी शिंपडण्यात आले आणि तो वाचला. यावरून असे दिसते की, नुसती विचारपूस पुरेशी नाही. आजाऱ्याची गरज ओळखून ती भागवली पाहिजे.

आपल्या वडीलधाऱ्या मंडळींची मोठी गरज भाषेची आहे. आमच्या एका मावशी इस्पितळात डॉक्टरांच्या प्रत्येक प्रश्नाला "केन, केन" म्हणत. घरी आल्यावर त्यांनी रक्तदाबाच्या जुन्या व नव्या अशा दोन्ही गोळ्या घेतल्या. नावे वेगळी, औषध एकच! चक्कर येऊन त्या पडल्या, तेव्हा उलगडा झाला. आम्ही त्या वेळी खाटेशेजारीच बसलो होतो, पण डॉक्टरांना एकही प्रश्न विचारला नाही. याची खंत आम्हांस आजही वाटते.

इस्राएलच्या १९९६ च्या रुग्णहक्क कायद्याने आजार, उपचार, त्यातील धोके व दुसरे पर्याय समजून घेऊन मगच संमती देण्याचा हक्क दिला आहे. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेता येते, कागदपत्रांची नक्कल मागता येते. आपल्या वतीने संमती देण्यासाठी आजारी माणसाला प्रतिनिधीही नेमता येतो. तक्रार ऐकणारा अधिकारी इस्पितळातच असतो. तेव्हा विचारण्यात संकोच कसला?

घरातील एकानेच बोलावे. सर्व गोळ्यांची नावे, त्यांतील औषध, प्रमाण आणि कोणते औषध सोसत नाही, हे वहीत लिहून न्यावे. डॉक्टरांनी सांगितलेले त्यांनाच पुन्हा म्हणून दाखवावे. नातवंडांना दुभाषी करू नये. आजीची दुखणी आजी त्यांच्यासमोर सांगत नाही. मात्र आजारी माणूस शुद्धीवर असता त्याला डावलून आपण निर्णय घेऊ नये. प्रथम मराठीत विचारावे, "मावशी, तुम्हांला काय वाटते?"

मावशी बऱ्या झाल्या. एलियाहू हन्नाबींच्या नावाने मलिदा झाला. प्रसाद घेऊन आम्ही निघालो, तेव्हा मावशींनी उशाखालची वही काढून म्हटले, "पुढच्या खेपेला हीच घेऊन चला, आणि तोंड उघडा!"