दुबईत बिऱ्हाड थाटण्यापूर्वी पडतळ काढा

कापडाच्या धंद्यात आम्ही नुसता गाठीचा भाव ऐकून सौदा करीत नाही. वाहतूक, हमाली, दलाली जोडून माल दुकानात काय दराने पडतो ते आधी पाहतो. परदेशात घर करताना मात्र हाच हिशेब आम्ही विसरलो.

आमच्या भाच्याने बायकामुलांना दुबईला नेण्याचे ठरविले. "महिन्याला पाच हजार दिरहम भाडे पडेल, पगारात भागेल," असे तो म्हणाला. आम्हीही होकार दिला. आठ दिवसांनी फोन आला, "मामू, पंधरा हजार दिरहम कमी पडतात." ईदच्या मालासाठी ठेवलेली रक्कम आम्हाला मोडावी लागली.

चूक कोठे झाली? दुबईत भाडे वर्षाचे ठरते आणि बहुधा पुढील तारखांचे चेक आधीच द्यावे लागतात. वर्षाचे 60,000 दिरहम, चार चेक, असे धरू :

पहिला चेक : 15,000
अनामत, 5 टक्के : 3,000
दलाली, 5 टक्के : 3,000
दलालीवरील व्हॅट : 150
वीज-पाण्याची अनामत (फ्लॅट) : 2,000
एकूण : 23,150 दिरहम

म्हणजे किल्ली हातात येण्याआधीच साडेचार महिन्यांच्या भाड्याहून अधिक रक्कम गेली. यात जोडणी व नोंदणीची फी, पलंग, फ्रीज, शेगडी धरलेली नाही. शिवाय वार्षिक भाड्याच्या 5 टक्के गृहशुल्क वीजबिलातून दरमहा वसूल होते. या उदाहरणात ते 250 दिरहम होते.

पैशाइतकाच ताप कागदपत्रांचा. चेकबुकासाठी बँकखाते हवे, खात्यासाठी निवासी व्हिसा आणि एमिरेट्स आयडी हवा. कुटुंबाच्या व्हिसासाठी भाडेकरार 'इजारी'त नोंदलेला लागतो. ही नोंदणी 2010 मध्ये सुरू झाली. शब्द आपल्या 'इजारा'च्याच कुळातला आहे. एक कागद अडला की पुढचे सारे अडते. कुटुंब आणण्यासाठी पगारही किमान 4,000 दिरहम, किंवा राहण्याची सोय मालकाकडून असल्यास 3,000 दिरहम लागतो.

आमच्या अनुभवातून चार गोष्टी सांगतो :

1. वर्षाच्या भाड्याच्या निम्मी रक्कम हाती असल्याशिवाय घर पाहू नका. ती धंद्याच्या भांडवलातून काढू नका.

2. प्रत्येक चेकची तारीख वहीत लिहा. 2022 पासून केवळ शिल्लक अपुरी म्हणून चेक परतल्यास सहसा फौजदारी खटला होत नाही. परंतु न वटलेल्या रकमेची वसुली थेट न्यायालयाच्या अंमलबजावणी विभागातून होऊ शकते.

3. वातानुकूलनाचे बिल कोण भरणार, हे करारात लिहून घ्या. भाच्याने ते विचारले नव्हते. उन्हाळ्यात त्याचे महिन्याचे गणित कोलमडले.

4. घरात शिरताच भिंती, नळ, दरवाजे यांचे फोटो काढून ठेवा. घर सोडताना रंगरंगोटीच्या नावाखाली अनामत कापली जाते, तेव्हा हाच पुरावा कामी येतो.

भाच्याने आमची रक्कम हप्त्याहप्त्याने फेडली. पण त्या ईदला आमच्या दुकानातील मांडण्या अर्ध्या रिकाम्या होत्या, आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेले. ते नुकसान कोणत्याही हप्त्यात भरून आले नाही.