मधमाशी कीं बहुरूपी माशी?

पाऊस ओसरूं लागला म्हणजे मावळांत भातखाचरांचे बांध रानफुलांनीं भरून जातात. कान्हे येथें अशाच एका बांधावर एका मुलानें फडक्याच्या फटक्यानें एक लवदार कीटक पाडिला व 'मधमाशी मारिली' म्हणून आम्हांस आणून दाखविला. पाहतों तों त्यास दोनच पंख! मधमाशीस चार असतात. ती मधमाशी नसून तिचें सोंग घेणारी माशी होती. शास्त्रांत या कुळास 'बाँबिलिइडी' म्हणतात. आपण लेखापुरतें तीस बहुरूपी माशी म्हणूं.

तिच्या खुणा अशा: पंखांच्या एकाच जोडीमागें गांठीसारखे दोन लहान तोलक असतात. मिशा आंखूड. पुष्कळ जातींत सोंड लांब, सुईसारखी पुढें रोखलेली असते. पाय बारीक, मागील पायांवर परागाची टोपली नसते. नांगी नसल्यामुळें ती डंख करीत नाहीं. नेमकी जात मात्र पंखांवरील शिरा व डाग पाहूनच ठरते. ब्रुनेटी यांच्या १९२० सालच्या ग्रंथांत हिंदुस्थानांतील या कुळाच्या अनेक जाती वर्णिल्या आहेत.

कांहीं मधमाशा एकेकट्या राहून जमिनींत बिळें करितात. अनेक जातींची बहुरूपी मादी अशा बिळाच्या तोंडाशीं उडतां उडतां अंडीं फेंकते. अंड्यांतून निघालेली अळी आंत शिरते, मधमाशीची अळी पोसली जाईपर्यंत थांबते आणि मग तिलाच शोषून खाते. खातें एकाचें व वहिवाट दुसऱ्याची, हा प्रकार महसुली दप्तरांत आयुष्य घालविलेल्या आम्हांस नवा वाटला नाहीं!

तर मग हिला शत्रू म्हणावें काय? घाई करूं नये. भात खाणारा नाकतोडा बांधाच्या मातींत अंड्यांचे पुंजके घालतो व तीं पुढील पावसाळ्यांत फुटतात. या कुळांतील कांहीं जातींच्या अळ्या नाकतोड्यांच्या अंड्यांवरच जगतात. दुसऱ्या कांहीं पिकें कुरतडणाऱ्या अळ्यांवर वाढतात. पोळ्यांतील मधमाशांच्या वाटेस ही माशी सहसा जात नाहीं. शिवाय फुलोफुलीं फिरतांना ती स्वतःही पराग वाहते.

म्हणून शेतकरी बंधूंनीं फुलांवर हात किंवा औषधाचा फवारा उगारण्यापूर्वीं पंख मोजावे. जात जाणण्याची इच्छा असल्यास मेलेली माशी कोरड्या डबींत ठेवून सोबत तारीख, गांव व फुलाचें नांव लिहावें. ओळख आधीं, निवाडा मागून. शिवारांतही हाच न्याय.