आधी कान, मग पाना

अरे, गाडी घेतलीस, छान केलंस. पण आत खडखड सुरू झाली की तू गाण्याचा आवाज वाढवतोस, हे मागच्या सीटवर बसलेल्या आत्याला कळत नाही असं समजू नकोस. आता हे वाच आणि रविवारी सकाळी कुणाला तरी सोबत घेऊन गाडीपाशी जा.

१. आधी गाडी रिकामी कर. ग्लोव्ह बॉक्स, दारांचे कप्पे, सीटखालच्या बाटल्या, कप होल्डरमधली चिल्लर, सगळं बाहेर — पुष्कळदा गाडी गप्पच असते, बडबड सामानाची असते. वरच्या कप्प्यातला गॉगलही काढ, नाहीतर छप्पर वाजतंय म्हणून मेकॅनिककडे धावशील.

२. डिकीतली स्टेपनी हलवून बघ, तिचा मधला बोल्ट आवळ, आणि जॅक-पाना जुन्या टॉवेलात गुंडाळून त्यांच्या खाचेत बसव — घाईत परत टाकलेला जॅक पुढच्या पंक्चरपर्यंत टोमणे मारतो.

३. टायरमधली हवा सकाळी, गाडी थंड असताना तपास. आकडा बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो — हवा जास्त झाली की रस्त्यावरचा प्रत्येक खडा डॅशबोर्डपर्यंत पोचतो.

४. आवाजाची जात ओळख. खडखड म्हणजे काहीतरी ढिलं होऊन आपटतंय, कुरकुर म्हणजे दोन भाग एकमेकांना घासताहेत — ढिल्याला आवळायचं असतं, घासणाऱ्यांच्या मध्ये मऊ काहीतरी घालायचं असतं.

५. शोधायला पेव्हर ब्लॉकचा मोकळा रस्ता गाठ. वेग वीसच्या आसपास, काचा, पंखा, गाणी सगळं बंद. चालवायला दुसऱ्याला बसव आणि तू एकेका जागी तळहात दाबत जा — हाताखाली आवाज थांबला की चोर सापडला. स्टिअरिंग हातात असताना ही चाचपणी करायची नाही, हे वेगळं सांगायला लावू नकोस.

६. कानावर एकदम विश्वास टाकू नकोस — पुढची काच आवाज परतवते, आणि उजवीकडची कुरकुर डावीकडून आल्यासारखी वाटते. आवाज ओसरीवर, चोर माळ्यावर!

७. मागे बस आणि रिकाम्या सीटच्या बेल्टचं बकल धरून बघ, मग डिकीवरचा पार्सल ट्रे काढून एक फेरी मार. मागच्या सीटची पाठ 'खट्' आवाज होईपर्यंत ढकल — अर्धवट बसलेला हुक प्रत्येक गतिरोधकावर बोलतो, आणि त्या पाठीवर विसंबून बसणंही बरं नाही.

८. घासणाऱ्या फटीत फेल्ट लाव. खुर्चीच्या पायांना चिकटवायचं मिळतं ना हार्डवेअरच्या दुकानात, तेच; आधी धूळ पुसून जागा कोरडी कर. कागदाच्या घड्या नकोत, इलेक्ट्रिकची टेपही नको — कागद पावसाळ्यात दमट होतो आणि टेपचा डिंक वैशाखात पाझरतो.

९. दाराचं रबरी बीडिंग पुसून, वाळवून त्याला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दे; इंजिन ऑइल लावू नकोस — त्यानं रबर फुगतं. स्प्रे असेल तर फडक्यावर मार — उडालेला थेंब पेडलवर पडला की पाय घसरतो.

१०. प्लास्टिकचं आवरण काढायचंच असेल तर गाडी थोडा वेळ उन्हात ठेव आणि स्क्रू ड्रायव्हरऐवजी प्लास्टिकची पट्टी वापर — थंडीच्या सकाळी क्लिपा बिस्किटासारख्या तुटतात. चार जास्तीच्या क्लिपा आधीच आणून ठेव.

११. हे मात्र दोनदा वाच. स्टिअरिंगच्या मध्यावर, डावीकडच्या डॅशबोर्डवर, काचेलगतच्या खांबांवर, सीटच्या कडेला कुठेही एअरबॅगची खूण दिसली, किंवा सीटखाली पिवळा कनेक्टर दिसला, तर हात मागे. तिथलं झाकण उघडायचं नाही, फटीत काही कोंबायचं नाही, सीटखालची पिवळी जोडणी सोडवायची नाही — ती बॅग पापणी लवायच्या आत फुगते आणि वाटेत असेल ते माणसाच्या अंगावर फेकते. म्हणूनच डावीकडे चिकटवलेला तो गणपती घरी देव्हाऱ्यात ने. तिथूनही तो तुझ्यावर लक्ष ठेवेल.

१२. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर चाकाकडून कटकट, खड्ड्यात खालून धडधड, ब्रेक दाबल्यावर किंचाळी, यांना फेल्ट लावत बसू नकोस, गॅरेज गाठ — ही दुखणी खालची आहेत, वरच्या मलमाने झाकली जातात पण बरी होत नाहीत.

१३. एका वेळी एकच उपाय कर, मग फेरी मार — तीन केलेस तर कुठला लागू पडला ते कळणार नाही.

१४. मेकॅनिककडे जाताना आवाज कुठल्या वेगाला, उन्हात की गारव्यात, कुठल्या रस्त्यावर येतो ते लिहून ने, आणि त्याला शेजारी बसवून ऐकव — गॅरेजच्या गुळगुळीत फरशीवर गाडी अगदी साळसूद होते. फक्त त्याची पान्यांची पेटी मागच्या सीटवर ठेवू देऊ नकोस, नाहीतर दोघं मिळून तिचाच आवाज शोधत बसाल.